सांडव्याची ओटी

जुन्या निजामी मुलखातल्या वाशीजवळच्या आमच्या गावात कडूबाईइतकं मनापासून जळणारं माणूस दुसरं झालं नाही. जळायची ती एकाच बाईवर, मालनबाईवर. दोघी एकाच साली नांदायला आल्या. कडूबाईचा नवरा शेतीतच राहिला, मालनबाईचा सोसायटीचा चेअरमन झाला. तेवढं कडूबाईनं पोटात घातलं असतं. पण गावचा तलाव भरून सांडव्यावरून वाहू लागला, की वाजतगाजत पाण्याची ओटी भरायचा मान चेअरमनीणबाईंचा. हे मात्र गिळवेना.

बहात्तरच्या दुष्काळात त्याच तलावाचं काम निघालं. निजामाच्या वेळची भिंत. मोठ्या पावसात ती फुटेल म्हणून खालची वाडी जीव मुठीत धरून बसायची. आता भिंत उंच होणार, सांडवा रुंद होणार, आणि पाणी जास्त साठावं म्हणून तोही वर उचलणार, असं साहेबांनी सांगितलं.

"म्हंजी पाणी लवकर सांडायचं न्हाय?" कडूबाईनं विचारलं.

"नाही बाई. चांगला पाऊस झाला तरी नाही."

त्या दिवसापासून कडूबाई मातीची पाटी शीग लावून भरू लागली. बाकीच्या बाया सावली शोधत, ही उन्हातून पळत. मुकादमाला वाटलं, बाईला गावाची केवढी कळकळ. ती माती मालनबाईच्या ओटीवर पडतेय, हे त्याला कुठलं कळायला.

पुढं किती पावसाळे गेले. विहिरींना उन्हाळाभर पाणी राही, सांडवा मात्र कोरडा. मालनबाई दिसली, की कडूबाई मायेनं विचारायची, "ओटीचं सामान तयार हाय न्हवं, चेअरमनीणबाई?"

मग एका साली पावसानं झोडपून काढलं. वाडी निवांत होती. मालनबाई ताट आणि वाजंत्री घेऊन काठावर आली, कडूबाई तिच्याही आधी. पाणी सांडव्याच्या वीतभर खाली येऊन थांबलं, ते थांबलंच. ऊन पडलं. ताटकळून बाकीच्या बाया रानात गेल्या, वाजंत्रीवाल्यांनी बिड्या पेटवल्या.

"चला मग घरला," कडूबाई गोड आवाजात म्हणाली.

"काढलेली ओटी माघारी न्हेत्यात व्हय?" मालनबाईनं इकडंतिकडं पाहिलं. काठावर दुसरी सवाष्ण एकच होती. "पदर पसर. पाणी तूच अडवलंयस, आता तूच घे."

वाजंत्री वाजली. गहू, नारळ आणि हिरवा खण कडूबाईच्या पदरात पडला.

घरी येऊन तिनं खण उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा धरला.

"पाण्याला जरीचा असायचा," ती नवऱ्याला म्हणाली. "औंदा साधा आणलाय. तिला आधीच ठावं असंल, कुणाच्या वटीत जायचाय त्यो."