वेंडेलसाठी ठिपके

टॅमरॅक बेंडच्या ग्रंथालयाचे संगणक ऑर्फा डालग्रेन सांभाळत असे. स्वतःला शहाणी समजणारी बाई, आणि पंचाईत ही की बहुतेक वेळा ती खरंच शहाणी निघे. त्या शनिवारी तिला पुस्तकांची अख्खी सूची जुन्या यंत्रावरून नव्यावर न्यायची होती. सोमवारी दार उघडायच्या आत जमलं नाही तर काम बाहेरच्या कंपनीला आणि ऑर्फा घरी, असं विश्वस्तांनी ठरवलं होतं. लक्ष ठेवायला ग्रंथपाल वेंडेल प्रूइट आला होता. चावऱ्या कुत्र्याला भ्यावं तसा तो संगणकाला भीत असे.

तिने पर्ल या संगणकभाषेत प्रोग्रॅम लिहिला. थोडी पुस्तकं हलली की पडद्यावर एक ठिपका. पण पर्लची खोड अशी की ओळ पुरी होईपर्यंत सगळं पोटात साठवायचं, बाहेर काही सोडायचं नाही. ऑर्फा कॉफी आणायला गेली. कोरा पडदा बघून वेंडेलचा धीर सुटला आणि त्याने चालू प्रोग्रॅम तिथेच तोडणारं कंट्रोल-सी दाबलं.

"मेला होता तो," वेंडेल म्हणाला.

"तू मारलास त्याला. आता पहिल्यापासून."

तिने प्रोग्रॅमच्या वर एक ओळ घातली: डॉलर, उभी रेघ, बरोबरचं चिन्ह, एक. आता ठिपका छापला की लगेच बाहेर. ठिपके टपाटप पडू लागले आणि वेंडेलचा जीव भांड्यात पडला. मग जुनी नॉर्वेजियन पुस्तकं आली, त्यांच्या नोंदी लांबलचक. ठिपका रेंगाळला. ऑर्फा दोघांच्या जेवणाची हॉटडिश गरम करून परतली, तोवर वेंडेलने पुन्हा तेच केलं होतं.

"अडकला होता गं."

"डोकं अडकलंय तुझं."

रागाने तिला रडू येत होतं. तिने खरं काम गुपचूप आतल्या खोलीतल्या यंत्रावर लावलं आणि वेंडेलपुढे दुसराच प्रोग्रॅम ठेवला. तो सूचीला हातही लावत नव्हता, नुसते ठिपके छापत होता. वेंडेल खूश.

संध्याकाळी सूची सुखरूप पोचली. ऑर्फाने कोट चढवला. "वेंडेल, ऊठ. झालं सगळं."

त्याने मानही वळवली नाही. डोळे लाल झाले होते, जेवण तसंच पडलं होतं.

"तू जा घरी. ठिपके येतायत अजून. मघाशी दोनदा घाण केली मी, आता तुझी नोकरी जाऊ देणार नाही."

 ऑर्फा कोट काढून त्याच्या शेजारी बसली.