समितीसमोर भरलेला वर्ग

त्या वर्षी अकोल्यातल्या आमच्या कॉलेजात विद्यार्थी सोडून सगळं होतं. आम्ही प्राध्यापक तोंडाला मास्क लावून जायचो, सह्या करायचो आणि रिकाम्या वर्गांतून मोबाईलकडे पाहून शिकवायचो. पलीकडे कोणी ऐकत होतं की नाही, हे विचारायचं नाही असं आपोआपच ठरलं होतं.

अशात मूल्यांकन समिती येणार म्हणून पत्र आलं. येणार म्हणजे पडद्यावर. प्राचार्य खुलले. समितीला मोबाईल दाखवेल तेवढंच दिसणार. प्रयोगशाळेचं गळकं छत दाखवायचं कारणच नव्हतं. फक्त एक अडचण होती. मध्ये कॉलेजं उघडण्याची परवानगी मिळाली, तेव्हा प्राचार्यांनी उत्साहाच्या भरात कळवून टाकलं होतं की आमचे वर्ग भरू लागले. प्रत्यक्षात एकही वर्ग भरला नव्हता, आणि लगेच अमरावती-अकोल्यात पुन्हा टाळेबंदी लागली. तरी समितीला भरलेला वर्ग बघायचा होता. प्राचार्यांनी आम्हाला बोलावलं. वलगावचा माणूस, व्यासपीठावर अगदी शुद्ध बोलायचे, पण अडचणीत सापडले की घरची भाषा यायची.

"तोंडाले मास्क आहे," ते म्हणाले, "कोन ओळखते?"

असे आम्ही बाकांवर बसलो. मी जठारपेठेतल्या घरून भाच्याचा टी-शर्ट घालून निघालो, तेव्हा बायकोनं मला दोनदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. इतिहासाच्या सरांनी हुकुमाप्रमाणे केस रंगवले होते, तेही इतके काळे की त्यांच्याकडे पाहिलं की आधी केस दिसायचे आणि मग सर. बाक आणि टेबल यांच्यामध्ये कोणाचंच पोट मावेना. शिकवायला उभी राहिली आमची सगळ्यांत तरुण, तासिका तत्त्वावरची सहकारी. एरवी विभागात तिला बसायला खुर्ची मिळत नसे. त्या दिवशी तिनं आम्हाला मनापासून शिकवलं. कुजबुज ऐकून इतिहासाच्या सरांना दोनदा दटावलंही.

समितीचे अध्यक्ष पुण्याकडचे, निवृत्त प्राध्यापक. त्यांनी मागच्या बाकावरच्या काळ्याभोर केसांच्या मुलाला उभं करायला सांगितलं आणि पुढचा काय विचार आहे म्हणून विचारलं. सर उभे राहिले. आयुष्यभर त्यांना खोटं कधी जमलं नव्हतं.

"दोनच वर्षं राहिली आहेत सर," ते म्हणाले. "शांतपणे बाहेर पडायचं, एवढंच."

अध्यक्षांना ही परिपक्वता फार आवडली.

मग त्यांना घरून शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याशी बोलायचं होतं. त्याची तयारी माझ्याकडे होती. तेल्हाऱ्याची एक हुशार मुलगी मी निवडली होती आणि 'महाविद्यालयाचं वातावरण अतिशय प्रेरणादायी आहे' हे वाक्य फोनवर तिच्याकडून घोकून घेतलं होतं. घरात रेंज येत नाही म्हणून ती स्लॅबवर उन्हात बसली होती. अध्यक्षांनी विचारलं, कॉलेजमधलं तुला सगळ्यात जास्त काय आवडतं? तिनं वाक्याला सुरुवात केली, 'अतिशय'पर्यंत आली आणि थांबली. तिच्या पडद्यावर आम्ही दिसत होतो.

"सर, मी कॉलेज अजून पाह्यलंच नाई," ती म्हणाली. "ॲडमिशन मोबाईलवरच झाली. वर्ग सुरू झाले हे मले कोनी सांगितलंच नाई. मी पन आली असती."

भाच्याच्या टी-शर्टात मला एकदम फार उकडायला लागलं. प्राचार्यांनी नेटवर्क गेल्याचं जाहीर केलं आणि मोबाईल बागेकडे वळवला. अध्यक्षांनी सगळं ऐकलं होतं. अहवालात त्याची नोंद आली ती अशी: विद्यार्थिनींमध्ये शिकण्याची तळमळ दिसते.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. एसटी बंद आहे, पण बाबा मोटारसायकलनं आणून सोडतील, वर्ग किती वाजता भरतो? पेशंट वाढले म्हणून वर्ग पुन्हा बंद झाल्याचं मी तिला सांगितलं. एका दिवसात? तिनं विचारलं. मी हो म्हणालो. ती 'बरं सर' म्हणाली.

आम्हाला वरची श्रेणी मिळाली. गेटवर हात जोडलेल्या प्राचार्यांचा फ्लेक्स लागला आणि पावसात फाटेपर्यंत तिथेच राहिला. अहवालातलं विद्यार्थ्यांच्या शिस्तीचं कौतुक त्यांनी आम्हाला दोन सभांमध्ये वाचून दाखवलं, तेही चेहऱ्यावरची रेघ हलू न देता.

कॉलेज खरोखर उघडलं तेव्हा ती मुलगी तेल्हाऱ्याहून एसटीनं आली. पहिल्या बाकावर बसली. माझ्याकडे, मग दाराशी बोलत उभ्या असलेल्या इतिहासाच्या सरांकडे तिनं बराच वेळ पाहिलं.

"सर, त्या दिवशी वर्गात कोन होते?"

"सिनिअर होते," मी म्हणालो.

"लयच सिनिअर होते सर," ती म्हणाली आणि तिनं पुस्तक उघडलं. मग मला शिकवावं लागलं.