धुऱ्यावरची येरोनी

आमच्या आसेगावच्या वावरात धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, येरोनीचं काटेरी झुडूप आहे. त्याला वाटाण्याएवढी काळी, आंबटगोड फळं लागतात. मागच्या हिवाळ्यात दादाने ते उपटायला जेसीबी बोलावला. मी रडले, विनवण्या केल्या, झुडपापुढे हात पसरून उभीही राहिले. सगळा अभिनय वाया गेला.

"बाजूले हो," म्हणत त्याने सवयीने दोन फळं तोडायला झुडपात हात घातला. येरोनीचे काटे आकड्यासारखे उलटे. हात आत जातो, बाहेर येत नाही. नव्या शर्टाची बाही अडकली, आणि त्याच शर्टावर त्याला शेलूबाजारला सोयरीक पाहायला जायचं होतं.

"हसून काय राह्यली? काढ ना काटे."

"पहिले जेसीबी वापस पाठव."

"बाही फाटन ना."

"मंग वढू नको. येरोन्या खात राह्य."

जेसीबीवाला मशीन बंद करून, मी दिलेल्या येरोन्या मिटक्या मारत खात होता. दादाने बाहीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"जा बाबा, वापस जा."

राजाचा मुकुट उतरवावा तसा मी एकेक काटा सोडवला. शर्ट शाबूत राहिला, झुडूपही. यंदा त्याच शर्टाच्या खिशात दादाने माझ्यासाठी येरोन्या भरून आणल्या.