तराफ्यावरची शेगडी

बाबल पाण्यातून वर आला, तोंडातली नळी काढली आणि पहिलं वाक्य बोलला ते मला उद्देशून. "मावशे, खाली फोडणीचो वास येता गो. लसूण घातलंस मां?"

चाळीस फूट पाण्याखालून आलेला माणूस फोडणीचं बोलतोय म्हटल्यावर सगळे हसले. शिंदे ओव्हरसिअर म्हणाले, "भूक लागलीय त्याला. बाई, वाढा लवकर." मीही हसले. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. माझ्या फोडणीचा वास पाण्याच्या तळापर्यंत जातो, असं कुणाला आवडणार नाही?

तो वास खाली कसा गेला, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मी तेव्हा बांधकामाच्या कॅम्पवर स्वयंपाक करायची. शिक्षण चौथी. आमचं घराणं मेंढरांमागं फिरणारं, त्यामुळं मुक्कामाचं सामान बांधणं मला लहानपणापासून येत होतं. किती दिवस, किती माणसं, पाणी जवळ की लांब, एवढं कळलं की कुठलं पोतं खाली आणि कुठलं वर ते मला विचारावं लागायचं नाही. म्हणूनच शिंद्यांनी मला त्या कामावर नेलं. ते म्हणाले, "बाई, सहा दिवस पाण्यावर राहायचंय. खाली उतरायचं न्हाई. जे विसरलं ते विसरलं."

काम असं होतं. आमच्या जिल्ह्यातल्या एका धरणाच्या मागच्या अंगाला पाण्यात जॅकवेल बांधली होती. जॅकवेल म्हणजे पाणी उपसण्यासाठी पाण्यातच उभी केलेली विहीर. तिच्या तळाच्या पाइपाचे बोल्ट आवळायचे होते. तिथवर रस्ता नव्हता, बोटीनं जायला दोन तास लागायचे. म्हणून रिकाम्या ड्रमांवर फळ्या ठोकून मोठा तराफा केला होता. त्यावरच काम, त्यावरच जेवण, त्यावरच झोप. पाणबुडे दोन, बाबल आणि सदा, दोघंही मालवणकडचे. त्यांचे साहेब थॉमस. नेव्हीतून रिटायर झालेले, केरळचे. मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात बोलायचे, पण बोलायचे ते मोजकं.

पाणबुड्याच्या पाठीवर हवेची टाकी असते, असं पुष्कळांना वाटतं. या कामाला तसं नव्हतं. तराफ्याच्या मधोमध डिझेलवर चालणारा कंप्रेसर होता. तो एका पाइपानं बाहेरची हवा ओढायचा, गाळायचा आणि लांब नळीतून खाली पाणबुड्याच्या तोंडात द्यायचा. म्हणजे कंप्रेसर जी हवा ओढेल तीच माणूस खाली श्वासात घेणार. आता हे मी सहज सांगते. तेव्हा ते मला एक मोठं, कानठळ्या बसवणारं यंत्र वाटायचं, बस.

थॉमस साहेबांनी सामानाची यादी दिली होती. तांदूळ, डाळ, बटाटे, साखर, चहा, टॉवेल, मीठ, स्टोव्ह, रॉकेल. हरभरा आणि वाटाणा नको, असं खाली लिहिलं होतं. पोटात गॅस धरून माणूस खाली गेला तर वर येताना तो गॅस फुगतो आणि माणूस कळवळतो. हे कारण साहेबांनी यादीतच लिहिलं होतं. मला ते पटलं आणि हरभऱ्याचं पीठसुद्धा मी घेतलं नाही.

स्टोव्हच्या पुढं मात्र कारण लिहिलेलं नव्हतं.

मी सामान घ्यायला सेलूला गेले तर बाजार बंद. विद्यापीठाच्या नामांतरावरून तेव्हा कधी बंद, कधी मोर्चा, एसटी निघाली तर निघाली. किराणा एका ओळखीच्यानं मागल्या दारानं दिला. रॉकेल मिळालं नाही. एक दिवस थांबले असते तर मिळालं असतं. मी थांबले नाही. एक तर स्टोव्हवरच्या भाकरीला रॉकेलचा वास येतो, हे माझं जुनं मत. दुसरं म्हणजे माझी लोखंडी शेगडी घरी होतीच. एक पोतं कोळसा घेतला, पेटवायला पऱ्हाट्यांची, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांची, मोळी घेतली. शिवाय दोन घोंगड्या घेतल्या. त्या यादीत नव्हत्या, पण पाण्यातून निघालेल्या माणसाला टॉवेल कमी पडणार, हे सांगायला यादी कशाला हवी?

तराफ्यावर चढताना साहेबांनी शेगडी पाहिली. "स्टोव किधर?"

"बाजार बंद होता साहेब. हिच्यावर बी होतंय."

त्यांनी जरा विचार केला. मग तराफ्याच्या अगदी टोकाला बोट दाखवलं. "तिथं ठेव. तिथून हलवू नको."

मी बरं म्हणाले. पहिला दिवस तसाच गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा सुटला. उघड्या पाण्यावरचा वारा वेगळाच असतो. शेगडीतल्या ठिणग्या उडून सदाच्या रबरी सूटवर पडायला लागल्या. स्टोव्हला वाऱ्याची तेवढी भीती नसते, शेगडीला असते. थॉमस साहेब बोटीनं जॅकवेलच्या पलीकडच्या अंगाला गेले होते. आमच्यात शिकवणच अशी, की चूल आडोशाला मांडायची. माळावर आडोसा मिळाला नाही तर आम्ही सामानाची भिंत करायचो. तराफ्यावर आडोसा एकच होता, कंप्रेसर. पुरुषभर उंच, वर पत्रा. मी शेगडी उचलून त्याच्या मागं नेली. डोक्यावर एक पाइप लोंबत होता. मी त्याला भांडी पुसायचं फडकं अडकवलं नाही, एवढंच नशीब.

त्याच दिवशी बाबल फोडणीचं बोलला. वारा जोराचा होता म्हणून वासावर निभावलं. साहेब परत आले तेव्हा शेगडी विझली होती, भांडी घासून झाली होती. शेगडी हलवली हे मी त्यांना सांगितलं नाही. लपवायचं असं काही नव्हतं. सांगण्यासारखं आहे, हेच वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी वारा पडला. पाणी परातीतल्यासारखं स्थिर. बाबल खाली गेला. सदा दोरी धरून पुढच्या बाजूला बसला, साहेब त्याच्या शेजारी घड्याळ घेऊन. खालच्या माणसाशी बोलायची रीत म्हणजे ती दोरी. वरून एक झटका दिला की खालून एक झटका यायचा, म्हणजे ठीक आहे. मी कंप्रेसरच्या मागं, शेगडी कालच्याच जागी. ओल्या कोळशानं त्रास दिला म्हणून मी पऱ्हाट्या जरा जास्तच घातल्या होत्या.

पुढून सदाचा आवाज आला. "साहेब, जबाब नाय."

"परत दे."

"दिलंय. नाय येत."

"खेच. हळू, पण खेच."

मी मान वर केली, आणि तेव्हा पाहिलं. धूर सरळ वर जात नव्हता. वर जाता जाता वाकत होता आणि डोक्यावरच्या पाइपाच्या तोंडात शिरत होता. कुणी हुक्का ओढावा तसा तो पाइप माझ्या शेगडीचा धूर ओढत होता.

मी शेगडीला लाथ मारली. शेगडी, वरचं भाताचं पातेलं, सगळं पाण्यात गेलं. बाबलसाठी मारली की पुरावा जाण्यासाठी मारली, हे मला आजही छातीठोक सांगता येत नाही. पाय उचलला एवढं खरं.

पुढं गेले तर बाबलला फळीवर निजवलेलं. डोळे अर्धे उघडे, ओठ पान खाल्ल्यासारखे लाल. एकदा उलटी झाली. श्वास होता, पण बोलत नव्हता. शिंदे माझ्याजवळ सरकले. त्यांनी शेगडी पाण्यात जाताना पाहिली होती. हळूच म्हणाले, "बाई, आता गप ऱ्हावा. शेगडी तर बुडालीच हाय. कुणी विचारलं तर म्हणा, लाटेनं गेली."

पाणी परातीतल्यासारखं, आणि म्हणे लाट.

शिंदे वाईट माणूस नव्हते. मला त्यांनी आणलं होतं, मला काढलं तर त्यांच्याही नावाला बट्टा लागणार होता. आणि मला ते काम हवं होतं. नवरा गेल्याला दोन वर्षं झाली होती, दुसरं काम समोर नव्हतं.

थॉमस साहेब बाबलची नाडी धरून होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "बाई, सच बोलो. सकाळी यानं काय खाल्लं? काल काय खाल्लं?"

"का साहेब?"

"पोटाचं असेल तर इलाज वेगळा. पाण्याच्या प्रेशरचा असेल तर वेगळा. हवेचा असेल तर ऑक्सिजन पाहिजे, आणि सिलिंडर एकच आहे, छोटा. उलटी करणाऱ्या माणसाच्या तोंडावर मास्क ठेवायचा तर मला खात्री पाहिजे. अंदाजावर नाही."

शिंद्यांनी माझ्या पाठीला कोपर लावलं. मी म्हणाले, "खाण्यानं काही झालं न्हाई साहेब. माझ्या शेगडीचा धूर तुमच्या पायपात गेलाय. काल बी गेला असंल. मी शेगडी कंप्रेसरच्या मागं मांडली होती."

साहेब सदाकडं वळले. "सदा, ऑक्सिजन!" एवढंच ओरडले. मी सिलिंडर उचलायला धावले तर त्यांनी मला जोरात मागं ढकललं. तेलाचा हात ऑक्सिजनला लागला तर भडका उडू शकतो, आणि माझे हात करडईच्या तेलानं माखलेले होते. हेही मला नंतर कळलं. त्या दिवशी नंतर कळलेल्या गोष्टी पुष्कळ होत्या.

सदानं बाबलची मान एका अंगाला धरली, साहेबांनी मास्क लावला. आधी काहीच झालं नाही. सदा मालवणीत देवाशी भांडत होता. मग बाबलची बोटं हलली. मग त्याला थंडी भरली, दात वाजायला लागले. टॉवेल कधीच भिजून गेले होते. मी दोन्ही घोंगड्या आणून त्याच्यावर टाकल्या. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे नीट उघडले आणि मास्क बाजूला करून म्हणाला, "ह्यो मेंढराचो वास खंयसून येता?"

सदा रडत रडत हसला. साहेबांनी मास्क पुन्हा दाबून बसवला.

त्याला बोटीनं किनाऱ्याला नेलं, तिथून जीपनं सरकारी दवाखान्यात. डॉक्टरांनी सांगितलं, कोळशाच्या धुरातला विषारी वायू रक्तात गेला होता. ऑक्सिजन वेळेवर मिळाला म्हणून वाचला, आणखी थोडा उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं.

संध्याकाळी मी माझं गाठोडं बांधून बसले. साहेब परतले. हातात त्यांचं रजिस्टर होतं. रोज काय झालं ते त्यात लिहायचं असतं. त्यांनी लिहिलं इंग्रजीत, मग मला मराठीत वाचून दाखवलं. शेगडी कंप्रेसरजवळ होती, हे लिहिलं होतं. ते बाईनं स्वतः सांगितलं, हेही होतं. आणि खाली लिहिलं होतं, की पाइपाचं तोंड तपासणं सुपरवायझरचं काम होतं, आणि सुपरवायझरनं ते तपासलं नाही.

"साहेब, हलवू नको म्हणून तुमी सांगितलं होतं. मीच हलवली."

"मी सांगितलं हलवू नको. का, ते नाही सांगितलं. हरभऱ्याचं कारण लिहिलं, तू हरभरा आणला नाही. शेगडीचं कारण सांगितलं असतं, तर तू हलवली असती?"

"न्हाई."

"मग झालं. गाठोडं सोड. चहा... नाही, चहा नको. पाणी दे."

शेगडी तळाशी होती, चहा कशावर करणार? दुसऱ्या दिवशी बोटीनं स्टोव्ह येईपर्यंत आम्ही शिळ्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा खाल्ला. शिंदे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, "बरं केलंत बाई. माझ्यानं झालं नसतं." त्यांचा राग मला तेव्हाही आला नव्हता. बाबल नंतर कामावर आला, तो पुढच्या महिन्यात. तोवर सदानं एकट्यानं जमेल तेवढे बोल्ट आवळले, उरलेले दोघांनी मिळून.

मला आयुष्यात शिकवणारे फार भेटले नाहीत. चौथीपर्यंतचे मास्तर आणि हे थॉमस साहेब. चूक झाल्यावर माणसाला हाकलून देणं सोपं होतं, त्यांनी मला कंप्रेसरचा पाइप कुठं असतो ते दाखवलं. त्याचे आभार मी त्यांना कधी तोंडावर मानले नाहीत. आमच्यात ती सवय नव्हती. ते आता नाहीत, म्हणून इथं मानते.

पुढची बरीच वर्षं पाणबुड्यांच्या कॅम्पचं सामान मीच बांधलं. कुणी नवीन बाई विचारायला आली तर मी तिला तेच सांगायची. यादीत नसलेलं जास्तीचं घ्यायचं तर खुशाल घ्या, फार तर ओझं वाढेल. यादीतलं काही राहिलं असेल तर निघायच्या आधी सांगा, आणि त्याची जागा कशानं भरली तेही सांगा. यादी देणाऱ्यालाही मी विचारायची, हे कशाला? त्यावरून दोन-तीन साहेब माझ्यावर चिडले. चिडून का होईना, त्यांनी कारण सांगितलं, आणि मला तेवढंच हवं असायचं.