कड पाहिली नव्हती

त्यांना सगळे कानकाका म्हणत. कान मोठे होते म्हणून नव्हे. चांदीचं जुनं नाणं बोटाच्या टोकावर तोलायचं, पेन्सिलीने हलकेच टिचकी द्यायची, डोळे मिटून नाद ऐकायचा आणि सांगायचं, "खरं." नाहीतर नुसतं परत द्यायचं. जिन्याखालच्या त्या दुकानात एक काटा, एक भिंग आणि एक वही, एवढाच संसार. वहीत नाण्याचं वजन, मालकाचं नाव आणि पुढे 'खरं' हा एक शब्द. चाळीस वर्षांत त्या शब्दावर कोणी बोट ठेवलं नव्हतं.

नाणं कसं धरायचं यावर मात्र त्यांचा भारी कटाक्ष. दोन बोटांत, फक्त कडेने. गिऱ्हाइकाने चित्रावर अंगठा टेकवला की म्हणायचे, "तुमच्या गालाला मी हात लावतो का? मग त्याच्या का लावता?"

थोरला भाऊ जाऊन तीन वर्षं झाली होती. त्याने हौसेने घेतलेलं एकच नाणं वहिनींच्या कपाटात होतं, तेही कानकाकांनी 'खरं' म्हटल्यावर घेतलेलं. आता ते लेकीच्या नावाने करायचं वहिनींच्या मनात होतं. पुतणी म्हणाली, "काका, तुमचा शब्द आहेच हो. पण शब्दाला डबी नसते. कंपनी नाणं तपासते, दर्जा ठरवते, नंबर घालून प्लास्टिकच्या डबीत बंद करून देते."

"डबीत लोणचं घालतात," काका म्हणाले. पण अर्ज त्यांनीच भरला, आपल्याच हाताने नाणं पाठवलं.

महिन्याभराने पाकीट आलं. त्यात डबी नव्हती. साध्या पिशवीत नाणं आणि एक चिठ्ठी: अस्सल नाही, ओतीव. म्हणजे टांकसाळीत ठशाने पाडलेलं नव्हे, साच्यात ओतलेलं.

काकांनी तडक फोन लावला. पलीकडे एक मुलगी होती.

"मी चाळीस वर्षं या धंद्यात आहे."

"हो सर. कड बघा."

"वजन बरोबर आहे. चांदी चोख आहे. नाद..."

"हो सर. पण कड बघा."

फोन आपटावासा वाटला, पण ठेवला नीट. नाणं बोटांत धरून भिंगाखाली नेलं आणि थबकले. बोटंच आड येत होती. मग मेणबत्तीचं मेण मऊ करून त्यात नाणं उभं रोवलं आणि हळूहळू फिरवलं. कडेचे दाते सगळीकडे सारखे होते. एका जागी मात्र नखाएवढ्या भागात कानशीने घासल्याच्या रेघा होत्या. साच्यात चांदी ओतायच्या तोंडाशी राहिलेला खुंट तिथे कापला होता. ज्या जागी धरायचं म्हणून जन्मभर लोकांना शिकवलं, तीच जागा त्यांनी कधी पाहिली नव्हती.

त्यांच्या स्वतःच्या पेटीत अगदी तसंच नाणं होतं; तेही मेणात फिरवून पाहिलं, ते खरं होतं. चिठ्ठी लपवून आता ते पाठवलं असतं तर डबी आली असती, पुतणी खूश झाली असती आणि काकांचा शब्दही शाबूत राहिला असता. संध्याकाळभर दोन्ही नाणी टेबलावर शेजारी शेजारी होती.

देवापाशी दिवा लावून आलेल्या बायकोने ती पाहिली. ताट वाढून एवढंच म्हणाली, "उद्या वहिनींकडे जाणार असाल तर जेवून जा. रिकाम्या पोटी माणूस लवकर खोटं बोलतो."

दुसऱ्या दिवशी काका जेवून गेले. नाणं आणि चिठ्ठी वहिनींपुढे ठेवली. "वहिनी, चूक माझी. नाणं खोटं आहे. दादाने माझ्या तोंडाकडे बघून घेतलं होतं."

वहिनींनी कमरेची किल्ली काढून नाण्याशेजारी ठेवली. मग म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं कपाटाची किल्ली मी उगाच कमरेला खोचून हिंडले?"

"चांदी खरी आहे," काका पुटपुटले.

"असू द्या. भावजी, तुमचे दादा दर रविवारी ते हातात घेऊन बसायचे. तेवढं तर खोटं नाही ना?"

पुतणी शेजारीच बसली होती. चिठ्ठीची घडी घालत तिने विचारलं, "काका, तुमच्याकडे याचं जुळं आहे ना? मी लहानपणी पाहिलंय."

"आहे."

"मग चिठ्ठी लपवून तेच का नाही पाठवलंत?"

"हे दादाचं होतं," काका म्हणाले, "आणि कंपनीने ते नाणं तपासलं असतं. मला कोण तपासणार?"

पुतणीने चिठ्ठी आपल्या पर्समध्ये ठेवली आणि काकांसाठी पाणी आणायला उठली.

दुकानात येऊन काकांनी जुनी वही काढली. दादाच्या नावापुढचं 'खरं' एका रेघेने खोडलं आणि शेजारी लिहिलं: कड पाहिली नव्हती. पान उलटलं. पुढे दोनशेच्या वर नावं होती, आणि त्यांतल्या एकाही नाण्याची कड पाहिलेली नव्हती. त्यांनी भिंग खिशात टाकलं, मेणाचा गोळा कागदात गुंडाळला, दुकानाचं दार ओढून घेतलं आणि वहीतल्या पहिल्या नावाच्या घराकडे चालू लागले.