पुसलेलं शून्य

अठराशे ऐंशीच्या सुमारास कल्याणच्या मनुबाईला तिचे सासरे, पेन्शनीत निघालेले शाळामास्तर, रोज दुपारी गणितं घालत. मग धाकटी जाऊ यमुना आली आणि तीही पाटी घेऊन बसू लागली.

"आठ गडी मिठागराचा बांध पंधरा दिवसांत घालतात, तर बारा गडी किती दिवसांत?" मास्तरांनी विचारलं. मनुबाईने व्यस्ताऐवजी सरळ त्रैराशिक मांडून साडेबावीस काढले. यमुनेच्या पाटीवर दहा होते. मनुबाईच्या पोटात दुखलं. यमुना पाणी आणायला उठताच तिने पदराने त्यातलं शून्य पुसलं.

"एका दिवसात बांध, यमुने?" ती परतल्यावर मास्तर पाटी पाहून हसले.

यमुनेने जावेच्या पांढरट झालेल्या पदराकडे पाहिलं आणि शून्य पुन्हा काढायला लेखणी उचलली. मनुबाईला ते सोसवेना.

"मी पुसलं, मामंजी."

मास्तरांनी यमुनेला शाबासकी दिली, तेव्हा मनुबाई पुन्हा जळलीच.