उघड्या डोळ्यांचा दंडवत

अमरावतीच्या बाजारात काळ्या वस्त्रातला महानुभाव पंथाचा संन्यासी दिसला, की आमचे काका वर्दीतच खाली वाकायचे. लाठी बाजूला ठेवायची, "दंडवत, महाराज" म्हणायचं आणि त्याच्या पायांवर कपाळ टेकायचं. पोलीस जमादार, ओठ झाकणाऱ्या मिशा, तोंडात अखंड शिव्या, आणि ही नम्रता! भाजीवाल्या बायका एकमेकींना म्हणायच्या, "काय भाव हाय माणसाचा!" मला हसू दाबावं लागायचं. भाव कसला, काका बोटं मोजत होते.

माझ्या वडिलांना शेजारच्या शेतातल्या गणपतनं मारलं होतं. त्यानं दोन शेतांमधला धुरा हातभर आमच्याकडे सरकवला, त्यावरून तोंडातोंडी झाली आणि त्यानं विळा चालवला. पाहणारं कोणी नव्हतं, पण त्याच दिवसापासून गणपत गावातून नाहीसा झाला. मी तेव्हा आठ वर्षांची. आई आधीच गेली होती. बिनलग्नाच्या काकांनी मला अमरावतीला आणलं, स्वतः भाकरी थापून वाढवलं.

पुढं उडत उडत कळलं, की गणपतनं पंथाची दीक्षा घेतलीय. म्हणजे नाव गेलं, घर गेलं, डोक्यावरचे केस गेले. आता हजार काळ्या वस्त्रांत त्याला ओळखायचं कसं? काका म्हणायचे, "माणूस नाव बदलन, कपडे बदलन, पाय कुठून बदलन?" गणपत तरुणपणी अकोटच्या जिनिंगमध्ये कामाला असताना कापसाची गाठ त्याच्या डाव्या पायावर पडली होती आणि दोन बोटं गेली होती. त्या पायासाठी काकांनी दहा वर्षं दंडवत घातले.

आणि सापडल्यावर? कोर्टाचं नाव काढलं की ते चिडायचे. "कोर्टाचं काय काम? हे माह्यं काम हाय." त्यासाठी एक सुरी त्यांनी घेऊन ठेवली होती. दसऱ्याला माझ्या वह्यापुस्तकांशेजारी ती पाटावर असायची आणि तिला हळदकुंकू मी वाहायची. माणूस मारायला घेतलेली सुरी कुणी अशी पुजत नाही हे मला कळायचं. तरी मी दरवर्षी वाहायची.

महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात चांदूर बाजारकडच्या एका मठाची खबर लागली. काकांनी रजा काढली, धोतर नेसले आणि मला सोबत घेतलं. मी तेव्हा नुकतीच मास्तरीण झाले होते. दर्शनाला आलेले काका-पुतणी म्हणून आम्ही मठात राहिलो. तिथं जिवाला जपायचं म्हणजे किती! पाणी तिहेरी फडक्यातून गाळायचं, झाडू हलक्या हातानं फिरवायचा, पाखरू जळू नये म्हणून दिवा झाकायचा. काका कमरेला सुरी खोचून हे सगळं बिनचूक करत होते. एकदा झाडता झाडता माझ्या कानाशी म्हणाले, "मी बी मुंग्या वाचवून राहिलो, बाई. मले एकच मारायचा हाय."

तिसऱ्या दिवशी संन्यासी गावातून भिक्षा मागून आले आणि ओळीनं बसले. काका एकेकाच्या पाया पडत गेले. पाचव्याच्या पायावरून त्यांचं डोकं उठेचना. मी समजले.

काका उठले. "पहिलं नाव काय तुमचं?"

"गणपत," तो म्हणाला. मग माझ्याकडे पाहून, "हे त्याची पोरगी व्हय?"

"पळ," काका म्हणाले. "पळ न लेका!"

तो पळाला नाही. झोळीतलं अन्न त्यानं शेजारच्याच्या पुढ्यात ठेवलं आणि मान खाली घालून उभा राहिला. काकांचा हात कमरेला गेला. "काढा, काका," मी म्हटलं. हो, मीच म्हटलं.

"माह्या भावाले कोणं मारलं?"

"म्या."

"कोर्टात बी असाच बोलशील?"

"आमाले खोटं बोलता येत नाही."

काकांचा हात कमरेवरून खाली आला. मठाची मुख्य एक म्हातारी संन्यासिनी होती. ती पुढं येऊन म्हणाली, "त्याले जेवू द्या, भाऊ. तुमी आले तवाच समजलं होतं. पाया पडतानी माणूस डोळे मिटते, तुमचे उघडे होते."

तो जेवला. आम्ही थांबलो. मग त्याला घेऊन एस.टी.च्या रस्त्याला लागलो. मी रागानं रडत होते. काका म्हणाले, "येडी हायेस. पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही, आन् आपल्यापाशी साक्षीदार नाही. पण हा जजसायबापुढं बी खरंच बोलन. याचं व्रतच याले बुडवन. सुरी कशाले पायजे?"

तसंच झालं. सरकारनं दिलेला वकील त्याला परोपरीनं विनवत होता, नुसतं 'मला माहीत नाही' म्हण, सुटशील. जजसाहेबांनी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तो म्हणाला, "म्याच मारलं." जन्मठेप झाली. मला फाशी हवी होती, तरी मी पेढे आणले. काकांनी एकही खाल्ला नाही. दात दुखतो म्हणाले.

त्यानंतर काळी वस्त्रं दिसली की काका रस्ता ओलांडून पलीकडे जायचे. गणपत तिसऱ्या वर्षी तुरुंगातच वारला. तोवर माझी अकोल्याला बदली झाली होती आणि काका पेन्शन घेऊन माझ्याकडे राहायला आले होते. खबर ऐकून ते दोन दिवस जेवले नाहीत. त्यांचं ताट तसंच पाहून मी चिडले, भांडले.

पुढच्याच थंडीत काकांनी अंथरूण धरलं. शेवटच्या दिवशी मी त्यांना चमच्यानं पाणी पाजत होते. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "बाई, त्यानं एक डाव तरी खोटं बोलाले पायजे होतं."

दहा वर्षं मला पोसलं, शिकवलं, माझ्या बापाचा सूड माझ्याइतकाच मनात जपला, आणि जाताना हे! मी हात सोडवून घेतला. संध्याकाळी ते गेले. मी त्यांच्यासाठी पोटच्या पोरीसारखी रडले, सगळं यथासांग केलं. पण त्या एका वाक्याबद्दल मी काकांना अजून माफ केलेलं नाही.